पोटरीतले कणीस



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी या मंदिरात जमतो, त्यांना गावात कोणी नावाने हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही. ख्रिस्ती वस्तीत, बाजारात, एसटी स्टँडवर, सगळीकडे ते 'पाळकसाहेब'च होते. आज मीही त्यांना त्याच नावाने आठवणार आहे.

सेमिनरीतून बाहेर पडून मी त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. माझ्याजवळ एक वही होती. तरुण संघाला किती जण आले, बुधवारच्या प्रार्थनेला किती, घरोघरच्या शास्त्रवाचनात किती जणांनी तोंड उघडून प्रार्थना केली, हे सगळे मी तारीखवार लिहीत असे. सहा महिने झाले तरी आकडा हलेना. दारू सोडतो म्हणून माझ्यासमोर गुडघे टेकलेला एक माणूस महिन्याभरात परत गुत्त्यावर दिसला. त्या रात्री मी वही घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, इथं काही वाढतच नाही."

त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला मंडळीतल्या एका शेतकऱ्याच्या रानात घेऊन गेले. शाळू पोटरीत आला होता. ज्यांनी ज्वारीचे रान जवळून पाहिलेले नाही अशा मुलांसाठी सांगतो. कणीस बाहेर पडण्याआधी वरच्या पानाच्या आवरणात गुंडाळलेले असते, ताट तिथे फुगते, त्याला पोटरी म्हणतात. बांधाकडेच्या दोन-तीन ताटांच्या पोटऱ्या कोणा पोराने नखाने चिरून पाहिल्या होत्या. आतले कणीस पांढुरके, ओलसर, दाण्याचा अजून पत्ता नाही. पाळकसाहेब म्हणाले, "आत काय आहे ते बघायची घाई झाली त्याला. आता ही कणसं भरायची नाहीत." परतताना ते पावसापाण्याबद्दल बोलत राहिले.

त्या चिरलेल्या पोटऱ्या आज इतक्या वर्षांनीही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पत्रिकेवर आजचा विषय 'आत्मिक वाढ आणि सेवकाचा देवावरील भरवसा' असा छापला आहे. मला त्यातले फार थोडे सांगता येईल, आणि जे सांगेन त्याची सुरुवात त्या बांधावर झाली.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने सांगितलेला एक लहानसा दाखला आहे. इतर तीन शुभवर्तमानांत तो आढळत नाही. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजते आणि वाढते, पण कसे ते त्याला कळत नाही. जमीन आपल्या आपण पीक देते. मूळ ग्रीकमध्ये इथे जो शब्द आहे त्याच कुळातला आपला 'ऑटोमॅटिक' हा शब्द. आधी पाते, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. या दाखल्यात मला नेहमी नवल वाटते ते शेतकऱ्याच्या झोपेचे. ही झोप आळशाची खासच नव्हे. त्याने रान तयार केले आहे, बी निवडून पेरले आहे, आणि पीक हाताशी आल्यावर विळा घेऊन पहिला तोच उभा राहणार आहे. मधला काळ मात्र त्याच्या मालकीचा नाही, हे तो जाणतो आणि म्हणून झोपू शकतो. आपल्यापैकी किती पाळकांना रात्री अशी झोप लागते?

पौलाने करिंथच्या मंडळीला हेच बागाईतदाराच्या भाषेत सांगितले आहे. लावणे एकाचे, पाणी घालणे दुसऱ्याचे, वाढ देवाची. करिंथकर त्या वेळी 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' असे गट पाडून भांडत होते. वाढीचे श्रेय माणसाच्या पदरात पडले की मंडळी कशी फुटते ते पौलाला कळून चुकले होते.

आपल्या कोरडवाहू मुलखाला यात नवीन काही नाही. पाऊस पडला म्हणून लगेच कोणी पाभर जुंपत नाही. वाफसा यावा लागतो. कुळव मारून ठेवता येतो, बियाणे राखून ठेवता येते, बैल धडधाकट ठेवता येतात. वाफसा आणता येत नाही. पण घरात बसून राहिलेल्याला तो आल्याचे कळत नाही आणि उडून गेल्याचेही कळत नाही. रोज रानात जाऊन माती मुठीत दाबून पाहावी लागते. 'देव वाढवील' असे म्हणून ज्याने घरभेटी सोडल्या, रविवारच्या संदेशाची तयारी शनिवारी रात्री उरकली, त्याने हा दाखला वाचलेलाच नाही असे मी स्पष्ट म्हणतो.

या विषयावर विचार करताना मला धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा पंडिता रमाबाई अधिक उपयोगी पडतात. आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे केडगावचे मुक्ती मिशन पाहिले आहे. काहींच्या आज्या-पणज्या तिथे वाढल्या. म्हणून रमाबाईंचे चरित्र मी पुन्हा सांगत नाही, त्यातल्या तीन-चार जागांपाशी थोडा थांबतो.

पहिली जागा इंग्लंडमधल्या वाँटेजची. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथे रमाबाईंचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. रमाबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली होती, भाऊ गेला होता, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तो पती गेले होते. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक झाल्या. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पाळकपण करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. रमाबाईंच्या मनात त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी शंका होत्या आणि त्या लपवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. जेराल्डीनबाईंचे त्यांच्यावर आईसारखे प्रेम होते, पण आपल्या या लेकीची श्रद्धा आपल्या चर्चच्या मापात लवकर बसावी अशी त्यांची तळमळ पत्रापत्रातून दिसते. रमाबाई उत्तर देतात, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हाती देणार नाही. प्रेमाच्या माणसाकडूनच पोटरी चिरली जाते. परक्याला तेवढी उत्सुकता नसते. ती पत्रे वाचताना सिस्टर जेराल्डीनना दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही, कारण त्यांच्या जागी मी अनेकदा स्वतःलाच पाहिले आहे.

त्यानंतरची आठ वर्षे पाहा. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघाले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडले. आपल्या वार्षिक अहवालाच्या कोणत्याही रकान्यात बसवले तरी हे यशस्वी सेवेचे चित्र आहे. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, या सगळ्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना १८९१ च्या सुमारास, पुण्यात, कामाच्या ऐन रगाड्यात भेटला.

इथे मला थांबावेसे वाटते, कारण आत्मिक वाढीवर बोलताना आपण नेहमी दुसऱ्यांच्या वाढीवर बोलतो. मंडळीची वाढ, तरुणांची वाढ, नव्याने विश्वासात आलेल्यांची वाढ. सेवक स्वतः वाढून झाला आहे असे आपण गृहीत धरतो. रमाबाई जगासमोर ख्रिस्ती सेविका म्हणून उभ्या असताना त्यांच्या आतले कणीस अजून पोटरीतच होते. आणि त्या अवस्थेतही देवाने त्यांच्या हातून काम करून घेतले. आपल्यातल्या ज्या भावाला किंवा बहिणीला पुलपिटवर उभे असताना आत कोरडे वाटते, त्यांनी ही आठ वर्षे लक्षात ठेवावीत.

सदन मुंबईहून पुण्यात आल्यावर रमाबाईंनी कोणत्याही मुलीवर धर्म लादला नाही. मात्र त्या स्वतः मनोरमेबरोबर प्रार्थनेला बसत तेव्हा दार बंद करून घेत नसत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्मशिक्षण होणार नाही या शब्दाला बाध येतो असे त्या मान्यवरांचे मत झाले होते आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते समजण्यासारखे आहे. रमाबाईंपुढे तेव्हा दोन सोपे मार्ग होते. दार बंद करून घ्यायचे, किंवा चिडून उरलेल्या मुलींना घाईने बाप्तिस्म्याकडे ओढायचे. त्यांनी दोन्ही केले नाही. दार उघडे राहिले आणि त्या आपल्या जागी गुडघ्यांवर राहिल्या.

१८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांची शिबिरसभा भरली होती. रमाबाईंबरोबर विश्वासात आलेल्या त्यांच्या पंधरा मुली होत्या. सकाळी झाडीत एकांतात प्रार्थना करताना या पंधरांबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले आणि मग मनात आले तसे मागितले, या पंधरांचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस, आणि तेही पुढच्या सभेच्या आत. ही मागणी मला फार आवडते, कारण त्यात संकोच नाही. संख्येची इच्छा धरणे हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच की, ती इच्छा आपण कोणाच्या पायांशी ठेवतो.

मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बोस्टनचा पैसा उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी होता. खेडोपाडीच्या, कोणत्याही जातीच्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली त्या योजनेत कुठेच बसत नव्हत्या. रमाबाई गेल्या आणि सुमारे ३०० जणींना घेऊन आल्या. पुढे पुण्यात प्लेग आला, शहरात मुली ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावची माळरानाची जमीन कामी आली. देवाने त्यांचा आकडा पुरा करण्यासाठी दुष्काळ पाडला असे मी म्हणणार नाही. ज्या बाईने आपले आईबाप दुष्काळात गमावले तिच्या संदर्भात असे बोलणे मला पाप वाटते. मी एवढेच पाहतो की, त्यांनी मागितलेली वाढ त्यांनी कल्पिलेल्या रूपात आली नाही. शिकलेल्या घरांतल्या, वाचायला-लिहायला उत्सुक अशा मुली त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. दारात आल्या त्या उपासमारीने भेदरलेल्या, आजारी, भाकरीसाठी झोंबणाऱ्या मुली. पुष्कळांचा विश्वास इथेच संपतो. आपण ज्यासाठी प्रार्थना केली ते हे नव्हेच, असे म्हणून ते दार लावून घेतात.

त्याआधी १८९४ च्या सुमारास रमाबाईंनी तीन पुस्तके वाचली होती, चायना इनलँड मिशनची कथा, जॉन पेटनचे चरित्र आणि ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरच्या अनाथाश्रमांची हकीकत. माणसांपुढे हात न पसरता देवावर विसंबून हजारो मुले वाढवणाऱ्या म्यूलरने त्यांना विचारात पाडले, आपल्या देशात हे का होऊ नये? म्हणून केडगावी त्यांनी काय केले? विहिरी खणल्या. बागा लावल्या, गोठे बांधले, विणकाम आणले, छापखाना घातला. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर वस्ती १,९०० च्या घरात गेली, त्यांच्या रोजच्या ज्वारीचा, सरपणाचा हिशेब ठेवला. त्यांच्या भरवशाचे हे अंग आपण भाषणांत गाळतो आणि फक्त प्रार्थनेची उत्तरे सांगतो.

१९०५ च्या जानेवारीत मुक्तीमध्ये रोजच्या प्रार्थनेचा एक गट सुरू झाला. सुरुवातीला सत्तरेक जणी होत्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. पाच महिने रोज, दिसण्यासारखे काही न घडता. जूनच्या अखेरीस ज्याला आपण संजीवन म्हणतो ते आले. मुली रात्र रात्र रडत होत्या, पाप कबूल करत होत्या, मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करत होत्या. बाहेरून टीका झाली. रमाबाईंचे मन संस्कृत विद्येच्या शिस्तीत घडलेले, हा गोंगाट त्यांच्या प्रकृतीला मानवणारा नव्हता असे मला वाटते. तरी त्यांनी त्याला आपल्या आवडीचे वळण लावण्याचा प्रयत्न केला नाही. अंगावर काम आले तेवढे केले. मुलींच्या टोळ्या करून त्यांना खेड्यांत सुवार्तेसाठी पाठवले.

आता या बियाचा एक दाणा कुठे जाऊन पडला ते ऐका. मुक्तीत मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मेथडिस्ट बाई काम करत होत्या. त्यांनी या घटनांच्या अनुभवातून १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि शिकागोच्या प्रशिक्षणशाळेतल्या आपल्या एका जुन्या मैत्रिणीला पाठवली. ती मैत्रीण दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, वाल्परायसो शहरात, पाळक विलिस हूवर यांची पत्नी म्हणून राहत होती. नवराबायकोंनी पुस्तिका वाचली, त्यांची मंडळी प्रार्थनेला बसली, आणि १९०९ मध्ये तिथे जी जागृती झाली तिच्यातून चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या उगवल्या. केडगावात माळावर गुडघे टेकणाऱ्या कुठल्याही मुलीला चिली हा देश नकाशावर दाखवता आला नसता. बी कसे वाढते ते शेतकऱ्याला कळत नाही, हे प्रभू म्हणाला ते असे.

दूरच्या देशाचे सोडा, एका घराच्या चार भिंतींतही हेच घडते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढची काही वर्षे ताटातुटीची, पंढरपूरच्या मुक्कामाची, मग एकत्र राहूनही चूल वेगळी ठेवण्याची. टिळकांचा स्वभाव उतावळा आणि शब्द धारदार. वाद घालून कोणालाही गप्प करू शकणारा हा कवी. पण लक्ष्मीबाईंचे सोवळे त्यांच्या वादाने सुटले नाही. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या सांगतात त्याप्रमाणे, जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या मनात एके दिवशी उभा राहिला आणि त्यांनीच त्याचे उत्तर शोधले. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेतले. १९०० मध्ये राहुरीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक पुढे १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तानुयायांचा बंधुसमाज मांडला आणि अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लिहायला कोण बसले? ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहून आपल्या वाटेने येऊ दिले त्या लक्ष्मीबाई.

हे सांगून झाल्यावर मला एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवलीच पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान खोटे ठरेल. गुत्त्यावर परत गेलेल्या ज्या माणसाविषयी मी सुरुवातीला बोललो, तो सुधारला नाही. पाळकसाहेब दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जात. तो शुद्धीवर असला तर त्याच्याशी बोलत, नसला तर त्याच्या बायकोशी बोलून, ओसरीवर बसून प्रार्थना करून परत येत. अकरा वर्षे. तो दारूनेच गेला. त्याचा दफनविधी पाळकसाहेबांनी केला आणि मी कबरीच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. परत येताना मी विचारले, "साहेब, अकरा वर्षं... काय वाढलं?" ते बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "ते मला नाही ठाऊक. शनिवार मात्र एकही चुकला नाही." त्या उत्तराने माझे समाधान झाले नव्हते. आजही पुरते झालेले नाही. पण मी तेव्हापासून ती वही लिहिणे सोडले आणि शनिवारच्या भेटी सुरू केल्या.

आता एकच जागा उरली आहे, केडगावचा छापखाना. गावच्या बायांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायचे म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतराला दीड तप लागले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, जिच्या हाती हे सगळे सोपवायचे ती एकुलती एक लेक. रमाबाईंना स्वतःला ऐकू येईनासे झाले होते, प्रकृती खालावली होती. त्या मुद्रिते तपासत राहिल्या. अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. खिळे जुळवणारे, कागद लावणारे, पाने शिवणारे हात त्या वेळी मुक्तीतल्या बायकांचेच होते, आणि त्यांच्यात दुष्काळात उचलून आणलेल्या मुलीही होत्या. रमाबाई गेल्यावरही ते काम थांबले नाही. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बांधून तयार झाले, आणि ती प्रत रमाबाईंच्या हातात कधी पडली नाही.